बनावट दुखापत (अमेरिकन फुटबॉल)

बनावट दुखापत म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात प्रत्यक्ष इजा झालेली नसताना, किंवा किरकोळ इजा मोठी भासवून, खेळाडूने मैदानावर पडून राहणे आणि त्यायोगे खेळ थांबवणे होय. जखमी खेळाडूला वैद्यकीय मदत मिळावी म्हणून पंच खेळ थांबवतात. या सोयीचा लाभ घेऊन सामन्याचे घड्याळ थांबवणे, दमलेल्या सहकाऱ्यांना उसंत मिळवून देणे, खेळाडू बदलणे किंवा प्रतिस्पर्ध्यांची लय तोडणे, हे अशा सोंगामागचे हेतू असतात. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलची सर्वोच्च स्पर्धा असलेल्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (यापुढे एनएफएल) आणि महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हा विषय अनेक दशके वादाचा ठरला आहे.

एनएफएलने या प्रकाराचा वेळोवेळी निषेध केला असून दोषी खेळाडू, प्रशिक्षक व संघ यांना आर्थिक दंडाची तरतूद केली आहे. तथापि पडलेला खेळाडू खरोखर जखमी आहे की नाही, हे मैदानावरील पंचांना ठरवता येत नाही आणि त्यांनी ते ठरवावे अशी अपेक्षाही नाही. त्यामुळे अशा प्रसंगांची चौकशी सामन्यानंतर होते आणि आरोप सिद्ध होणे कठीण जाते.

या लेखातील 'फुटबॉल' हा शब्द सर्वत्र अमेरिकन फुटबॉल या अर्थाने वापरला आहे. भारतात फुटबॉल म्हणून ओळखला जाणारा खेळ यापेक्षा वेगळा असून अमेरिकेत त्याला सॉकर म्हणतात.

खेळाची रचना आणि घड्याळ

बनावट दुखापतीचा लाभ कोणता, हे समजण्यासाठी या खेळातील वेळेचा हिशेब लक्षात घ्यावा लागतो. एनएफएलचा सामना ६० मिनिटांचा असतो आणि तो प्रत्येकी १५ मिनिटांच्या चार भागांत खेळला जातो. दोन्ही संघांचे प्रत्येकी ११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्या संघाच्या ताब्यात असतो त्याला १० यार्ड पुढे जाण्यासाठी चार संधी मिळतात; अशा प्रत्येक संधीला 'डाऊन' म्हणतात. एका डाऊनमधील खेळ, म्हणजे एक चाल, बहुधा काही सेकंदांतच संपते. त्यानंतर पुढील चाल सुरू करण्यासाठी आक्रमण करणाऱ्या संघाला साधारणतः ४० सेकंद मिळतात.

दोन चालींच्या मधल्या काळात सामन्याचे मुख्य घड्याळ कधी चालू राहते, तर कधी थांबते. फेकलेला चेंडू कोणीही न झेलता जमिनीवर पडला, तर घड्याळ थांबते. चेंडू घेऊन धावणारा खेळाडू मैदानातच पाडला गेला, तर ते चालू राहते. प्रत्येक संघाला सामन्याच्या प्रत्येक अर्धात तीन टाइमआउट मिळतात, म्हणजे तीन वेळा स्वतःहून घड्याळ थांबवता येते. प्रत्येक अर्धाची शेवटची दोन मिनिटे उरली की घड्याळ आपोआप थांबते. याला 'दोन मिनिटांची सूचना' म्हणतात. पिछाडीवर असलेल्या संघासाठी शेवटच्या काही मिनिटांतील प्रत्येक सेकंद मोलाचा असतो. तिन्ही टाइमआउट संपल्यावर घड्याळ थांबवण्याचे मार्ग फार थोडे उरतात. जखमी खेळाडूसाठी खेळ थांबणे हा त्यांपैकी एक होय.

दोन चालींच्या मध्ये आक्रमण करणारे खेळाडू सामान्यतः गोल करून उभे राहतात आणि पुढची चाल ठरवतात. याला 'हडल' म्हणतात. काही संघ हडल न करता लगेच पुढील चालीसाठी रांगेत उभे राहतात. 'नो-हडल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत बचाव करणाऱ्या संघाची दुहेरी कोंडी होते. एक तर त्याच्या खेळाडूंना दम घ्यायला वेळ मिळत नाही. दुसरे म्हणजे त्याला खेळाडू बदलणेही अवघड जाते. आक्रमण करणाऱ्या संघाने खेळाडू बदलले, तर बचाव करणाऱ्या संघालाही बदल करण्यास पुरेसा वेळ द्यावा असा एनएफएलचा नियम आहे. परंतु आक्रमण करणाऱ्या संघाने बदल केलाच नाही, तर हा हक्क मिळत नाही. अवजड शरीराचे, केवळ काही चालींसाठी मैदानात आणलेले बचावपटू मग एकामागून एक चाली खेळत राहतात आणि थकतात. बनावट दुखापतीचे बहुसंख्य आरोप बचाव करणाऱ्या संघांवर झाले आहेत, याचे कारण या कोंडीत आहे.

हेतू

बनावट दुखापतीचे हेतू ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात.

पहिला हेतू वेळ वाचवण्याचा. चेंडू ताब्यात असलेला, परंतु गुणांमध्ये मागे असलेला संघ शेवटच्या क्षणी घड्याळ थांबवण्यासाठी याचा अवलंब करू शकतो.

दुसरा हेतू खेळाचा वेग मोडण्याचा. येथे घड्याळावरील सेकंदांपेक्षा विश्रांतीला महत्त्व असते. सामन्याच्या इतर भागात, दुखापतीमुळे घड्याळ थांबले तरी पंचांनी इशारा करताच ते पुन्हा सुरू होते. त्यामुळे वेळेचा फारसा फरक पडत नाही. मात्र मधल्या अवधीत दमलेले खेळाडू श्वास घेतात, ताजे खेळाडू मैदानात येतात आणि प्रशिक्षक नवी व्यूहरचना कळवू शकतात. गती पकडलेल्या आक्रमणाला खीळ बसते ती अशी. या हेतूने केलेल्या सोंगाची किंमतही अल्प असते, कारण पडलेल्या खेळाडूला केवळ एका डाऊनपुरते मैदानाबाहेर राहावे लागते.

दुखापतीविषयक नियम

एखादा खेळाडू जखमी आहे असे पंचांना वाटले, किंवा त्याच्या मदतीसाठी वैद्यकीय कर्मचारी मैदानात आले, तर पंच दुखापतीचा टाइमआउट जाहीर करतात. अशा खेळाडूने किमान एका डाऊनसाठी मैदान सोडावे असा सर्वसाधारण नियम आहे. प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे इजा झाली असेल किंवा संघाने स्वतःचा टाइमआउट घेतला असेल, तर यातून सूट मिळते.

दोन मिनिटांच्या सूचनेनंतर नियम कडक होतात. या काळात खेळाडू जखमी झाल्यास त्याच्या संघाचा एक टाइमआउट खर्ची पडतो. प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे झालेली दुखापत आणि इतर काही मोजके प्रसंग याला अपवाद आहेत. तिन्ही टाइमआउट आधीच संपले असतील, तर पहिल्या जादा टाइमआउटसाठी यार्डांचा दंड होत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक वेळी मात्र पाच यार्डांचा दंड होतो. दुखापत आक्रमण करणाऱ्या संघातील खेळाडूची असेल आणि घड्याळ चालू असेल, तर जादा टाइमआउटच्या वेळी घड्याळातून दहा सेकंद वजा करून घेण्याचा पर्याय प्रतिस्पर्ध्याला मिळतो. या तरतुदींमुळे वेळ वाचवण्यासाठी केलेल्या सोंगाला बऱ्याच अंशी आळा बसला. वेग मोडण्यासाठी केलेले सोंग मात्र यांच्या कक्षेबाहेर राहिले, कारण ते सामन्याच्या कोणत्याही मिनिटाला करता येते.

टाइमआउट मिळवण्यासाठी दुखापतीचे सोंग करण्याच्या प्रथेविषयी एनएफएलच्या नियमपुस्तिकेत नापसंती नोंदवलेली असून तिला आळा घालण्यात प्रशिक्षकांनी सहकार्य करावे, असे आवाहन केले आहे. हे आवाहन आहे, शिक्षापात्र गुन्ह्याची व्याख्या नव्हे. म्हणूनच प्रत्यक्ष शिक्षा सामन्यातील दंडाच्या रूपाने नव्हे, तर नंतरच्या शिस्तभंगाच्या कारवाईतून होते.

इतिहास

१९५३ : नोत्र दाम आणि आयोवा

या प्रकाराचे सर्वांत गाजलेले जुने उदाहरण महाविद्यालयीन फुटबॉलमधील आहे. २१ नोव्हेंबर १९५३ रोजी नोत्र दाम आणि आयोवा या विद्यापीठांच्या संघांमध्ये सामना झाला. फ्रँक लेही यांच्या मार्गदर्शनाखालील नोत्र दामचा संघ त्या वेळी देशात पहिल्या क्रमांकावर होता. पूर्वार्ध संपण्यास अवघे काही सेकंद उरले असताना आणि संघाकडे टाइमआउट शिल्लक नसताना नोत्र दामचा फ्रँक वॅरिकियोन मैदानावर कोसळला. घड्याळ थांबले आणि मिळालेल्या संधीत नोत्र दामने टचडाऊन केला. सामन्याच्या अखेरच्या सेकंदांतही दुखापतीमुळे खेळ थांबला आणि नोत्र दामने पुन्हा टचडाऊन करून १४–१४ अशी बरोबरी साधली. 'फायटिंग आयरिश', म्हणजे लढवय्ये आयरिश, या संघाच्या टोपणनावावर कोटी करून वृत्तपत्रांनी त्याला 'फेंटिंग आयरिश', म्हणजे मूर्च्छित होणारे आयरिश, असे नाव दिले. वॅरिकियोन पुढे एनएफएलमध्येही खेळला.

१९८८–८९ : सिनसिनाटी बेंगल्सचे वेगवान आक्रमण

व्यावसायिक फुटबॉलमध्ये हा प्रश्न ऐरणीवर आला तो सिनसिनाटी बेंगल्स या संघामुळे. प्रशिक्षक सॅम वाइश आणि क्वार्टरबॅक बूमर इसायसन यांनी नो-हडल पद्धत केवळ शेवटच्या दोन मिनिटांपुरती न ठेवता संपूर्ण सामन्यात वापरण्यास सुरुवात केली. ३१ डिसेंबर १९८८ रोजी झालेल्या बाद फेरीच्या सामन्यात सिअॅटल सीहॉक्सचा बचावपटू जो नॅश वारंवार मैदानावर पडला आणि प्रत्येक वेळी खेळ थांबला. हे सोंग असल्याची टीका झाली. बेंगल्सनी तो सामना २१–१३ असा जिंकला.

पुढील सामना ८ जानेवारी १९८९ रोजी बफेलो बिल्सविरुद्ध होता. बेंगल्सच्या वेगाला उत्तर म्हणून आपणही दुखापतींचा आधार घेऊ शकतो, असे सूचित करून बिल्सचे प्रशिक्षक मार्व्ह लेव्ही यांनी या पद्धतीला विरोध दर्शवला. सामना सुरू होण्यास फार वेळ उरला नसताना एनएफएलचे आयुक्त पीट रोझेल यांच्याकडून बेंगल्सना या पद्धतीच्या वापराबाबत मनाई कळवण्यात आली. बेंगल्सनी तरीही २१–१० असा विजय मिळवून सुपर बोलमध्ये प्रवेश केला. दुखापतीचे सोंग आणि नो-हडल या दोहोंपैकी निर्बंध आला तो नियमात बसणाऱ्या नो-हडलवर, हा या घटनेतील विरोधाभास होय.

ही मनाई टिकली नाही. पुढे ज्या बिल्सनी तक्रार केली होती, त्यांनीच क्वार्टरबॅक जिम केली याच्या नेतृत्वाखाली नो-हडल आक्रमण स्वीकारले आणि १९९० ते १९९३ या सलग चार हंगामांत सुपर बोल गाठला. चारही वेळा त्यांना पराभव पत्करावा लागला.

२००३ : इंडियानापोलिस

३० नोव्हेंबर २००३ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स यांच्यातील सामन्याच्या शेवटच्या मिनिटात कोल्ट्सचा संघ पेट्रियट्सच्या गोलरेषेपाशी पोहोचला होता. त्या वेळी पेट्रियट्सचा बचावपटू विली मॅकगिनेस्ट जखमी होऊन पडला आणि खेळ थांबला. थोड्याच वेळात तो मैदानात परतला आणि चौथ्या डाऊनवर एजरिन जेम्सला गोलरेषेपूर्वी अडवून त्यानेच सामना वाचवला. पेट्रियट्स ३८–३४ असे विजयी झाले. ही दुखापत खरी नव्हती असा आरोप कोल्ट्सच्या बाजूने झाला. मॅकगिनेस्टने तो मान्य केला नाही.

२०११ : न्यू यॉर्क जायंट्स आणि सेंट लुईस रॅम्स

१९ सप्टेंबर २०११ रोजीच्या सामन्यात रॅम्सचा क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड नो-हडल पद्धतीने वेगाने पुढे सरकत होता. जायंट्सच्या गोलरेषेजवळ, चालींच्या मधल्या वेळात, जायंट्सचे डिऑन ग्रँट आणि जॅक्वियन विल्यम्स हे दोन खेळाडू जवळजवळ एकाच क्षणी खाली पडले. ग्रँट पडला आहे हे ध्यानात आल्यावर विल्यम्स उठून उभा राहिला. दूरचित्रवाणीवर हे दृश्य देशभर दिसल्याने त्याची मोठी चर्चा झाली. ग्रँटने आपली दुखापत खरी असल्याचे सांगितले. जायंट्सनी सामना २८–१६ असा जिंकला.

त्यानंतर दोनच दिवसांत एनएफएलने सर्व संघांना परिपत्रक पाठवले. दुखापतीचे सोंग केल्याचे आढळल्यास खेळाडू, प्रशिक्षक व संघ यांना आर्थिक दंड, निलंबन आणि ड्राफ्टमधील निवडीचा हक्क गमावणे यांपैकी कोणतीही शिक्षा होऊ शकते, असा इशारा त्यात होता. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची संघनिहाय वार्षिक निवड. तिच्यातील हक्क गमावणे हे संघाच्या दृष्टीने दंडाच्या रकमेपेक्षा मोठे नुकसान असते.

२०१२–१३ : पहिले दंड आणि एक कबुली

२०१२च्या हंगामात पिट्सबर्ग स्टीलर्सचा इमॅन्युएल सँडर्स याला सिनसिनाटीविरुद्धच्या सामन्यातील दुखापतीच्या सोंगाबद्दल १५,००० डॉलर आणि संघाला ३५,००० डॉलर दंड करण्यात आला. सँडर्स आक्रमणपटू असल्याने, हा प्रकार केवळ बचावपटू करतात असे नाही, हेही या कारवाईतून दिसले.

सप्टेंबर २०१३ मध्ये, निवृत्तीनंतर काही महिन्यांनी, शिकागो बेअर्सचा माजी लाइनबॅकर ब्रायन अर्लॅकर याने दूरचित्रवाणीवरील चर्चेत सांगितले की, आपल्या संघात ही प्रथा होती. मैदानाबाहेरून पाण्यात सूर मारल्यासारखी खूण होत असे आणि ती होताच ठरलेला खेळाडू खाली पडत असे. एका नामवंत खेळाडूने अशी प्रकट कबुली देणे हे विरळ होते. बनावट दुखापत ही एखाद्या खेळाडूची क्षणिक लबाडी नसून आधी ठरवलेली युक्ती असू शकते, या समजाला त्यामुळे पुष्टी मिळाली.

२०२२ : न्यू ऑर्लीन्स सेंट्स

५ डिसेंबर २०२२ रोजी टॅम्पा येथे टॅम्पा बे बकनिअर्स आणि न्यू ऑर्लीन्स सेंट्स यांच्यात सामना झाला. चौथ्या भागात बकनिअर्सचा तिसरा डाऊन संपल्यावर सेंट्सचा अनुभवी बचावपटू कॅमेरॉन जॉर्डन मैदानावर पडला आणि खेळ थांबला. सेंट्स १६–३ असे आघाडीवर असूनही शेवटच्या मिनिटांत टॉम ब्रेडीच्या नेतृत्वाखाली बकनिअर्सनी दोन टचडाऊन करून सामना १७–१६ असा जिंकला.

जॉर्डनने सोंग केले असा निष्कर्ष काढून एनएफएलने एकूण ५,५०,००० डॉलरचे दंड केले : संघाला ३,५०,०००, मुख्य प्रशिक्षक डेनिस अॅलन यांना १,००,०००, आणि सहायक प्रशिक्षक रायन नील्सन व स्वतः जॉर्डन यांना प्रत्येकी ५०,०००. सेंट्सने आरोप फेटाळला. जॉर्डनच्या पायाच्या एमआरआय तपासणीत पावलाच्या मधल्या भागाला इजा झाल्याचे दिसले, असे संघाचे म्हणणे होते. अपिलानंतर हे सर्व दंड रद्द करण्यात आले. चित्रफितीवर संशयास्पद दिसणारे पडणेही खरे असू शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

महाविद्यालयीन फुटबॉल

महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये वेगवान आक्रमणाचा प्रसार एनएफएलपेक्षा आधी व अधिक झाला, त्यामुळे तेथे हा वादही अधिक तीव्र राहिला. १३ नोव्हेंबर २०१० रोजी ऑरेगन विद्यापीठाच्या वेगवान संघाविरुद्ध खेळताना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संघाने अवलंबलेल्या युक्तीची चौकशी झाली. खेळाडूला दुखापतीचे सोंग करण्यास सांगितल्याबद्दल विद्यापीठाने सहायक प्रशिक्षक टॉश लुपोई यांना एका सामन्यासाठी निलंबित केले. ऑरेगनने तो सामना १५–१३ असा जिंकला होता. त्या संघाचे प्रशिक्षक चिप केली २०१३ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी आपली वेगवान पद्धत एनएफएलमध्ये नेली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स या प्रमुख विद्यापीठीय संघटनेचे आयुक्त ग्रेग सँकी यांनी सदस्य विद्यापीठांना कडक शब्दांत पत्र पाठवले. दोषी आढळलेल्या संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला पहिल्या वेळी जाहीर समज व ५०,००० डॉलर दंड, दुसऱ्या वेळी १,००,००० डॉलर दंड आणि तिसऱ्या वेळी निलंबन, अशा शिक्षा त्यात नमूद होत्या. येथे शिक्षेचा रोख खेळाडूकडून प्रशिक्षकाकडे वळला, ही बाब लक्षणीय आहे.

२०२५च्या हंगामापासून राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने नवा नियम लागू केला. पुढील चालीसाठी पंचांनी चेंडू जागेवर ठेवल्यानंतर एखाद्या खेळाडूसाठी वैद्यकीय कर्मचारी मैदानात आले, तर त्याच्या संघाचा एक टाइमआउट खर्ची पडतो. टाइमआउट शिल्लक नसल्यास पाच यार्डांचा दंड होतो. या नियमात खेळाडूच्या हेतूचा निवाडा करावा लागत नाही. चाल चालू असताना झालेली इजा आणि चाल संपून पुढच्या चालीची तयारी झाल्यावर अचानक जाणवलेली इजा, असा केवळ वेळेवर आधारलेला भेद तो करतो.

पंचांपुढील अडचण

स्नायूंत येणारे पेटके, मुरगळ, ताण यांची बाह्य लक्षणे पुष्कळदा दिसत नाहीत. त्यातील वेदना काही मिनिटांत ओसरू शकते आणि खेळाडू पुन्हा धावू शकतो. त्यामुळे 'लगेच परतला, म्हणजे सोंग होते' हा तर्क टिकत नाही. उलट, पडण्यापूर्वी खेळाडूने प्रशिक्षकांकडे पाहिले, आधी उभा राहून मग तो खाली बसला, किंवा दोन खेळाडू एकाच वेळी पडले, ही संशयाची कारणे असली तरी पुरावा नव्हेत.

पंच हे वैद्यक नसतात. त्यांनी शंका घेऊन खेळ सुरू ठेवला आणि दुखापत खरी निघाली, तर परिणाम गंभीर होऊ शकतात. म्हणून नियमांची उभारणी पडलेल्या खेळाडूवर विश्वास ठेवण्याच्या तत्त्वावर आहे. बनावट दुखापतीचा खरा उपद्रव याच ठिकाणी होतो : ज्या विश्वासावर जखमी माणसाला मदत मिळते, तोच विश्वास ती झिजवते. घरच्या मैदानावर पाहुण्या संघाचा खेळाडू पडताच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवणे हे या झिजेचे दृश्य रूप होय. इजा खरी असलेल्या खेळाडूलाही ती सोसावी लागते.

खऱ्या दुखापती आणि त्या लपवण्याची प्रवृत्ती

अमेरिकन फुटबॉल हा शारीरिक धडकांचा खेळ असून त्यात प्राणघातक प्रसंगही उद्भवतात. १२ ऑगस्ट १९७८ रोजी एका सराव सामन्यात झालेल्या धडकेमुळे न्यू इंग्लंडचा डॅरिल स्टिंगली कायमचा पंगू झाला. ४ डिसेंबर २०१७ रोजी पिट्सबर्गचा रायन शझीर पाठीच्या कण्याला इजा होऊन मैदानावरच पडून राहिला. तो पुन्हा एनएफएलमध्ये खेळू शकला नाही. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथे बफेलोचा २४ वर्षांचा डमार हॅमलिन प्रतिस्पर्ध्याला अडवल्यानंतर उभा राहिला आणि लगेच कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. मैदानावरच छातीवर दाब देऊन त्याचे प्राण वाचवण्यात आले आणि सामना रद्द झाला. धडक होऊन गेल्यावर, चाल संपल्यावर, आधी उभे राहून मग कोसळणे हा क्रम एरवी सोंगाचा संशय उत्पन्न करणारा असतो. येथे तो जीवन-मरणाचा प्रसंग होता.

याच खेळात दुसऱ्या बाजूला खऱ्या दुखापती लपवण्याची प्रवृत्तीही दीर्घकाळ आढळते. संघातील स्थान जाईल या भीतीने किंवा सहनशीलतेच्या कल्पनेपायी खेळाडू डोक्याला झालेली इजा सांगत नाहीत. मेंदूच्या दुखापतींबाबत ४,५००हून अधिक माजी खेळाडूंनी दाखल केलेल्या दाव्यांमध्ये एनएफएलने ऑगस्ट २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. पुढे या रकमेवरील मर्यादा काढून टाकण्यात आली. संघाच्या सोयीसाठी पायाचे खोटे दुखणे दाखवणे आणि स्वतःच्या हिताचे असूनही डोक्याचे खरे दुखणे दडवणे, या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेत घडतात.

लपवलेल्या इजा हेरण्यासाठी एनएफएलने स्वतंत्र निरीक्षक नेमले आहेत. प्रेक्षागारातील उंच कक्षातून चित्रफितींच्या साहाय्याने ते खेळाडूंवर लक्ष ठेवतात. २०१५ पासून त्यांना, एखादा खेळाडू भोवंडलेला दिसल्यास, खेळ थांबवण्याचा अधिकार आहे. असा वैद्यकीय टाइमआउट कोणत्याही संघाच्या खाती मांडला जात नाही.

सुचवलेले उपाय

बनावट दुखापती रोखण्यासाठी पुढील उपायांची चर्चा होत आली आहे.

• दीर्घ अनुपस्थिती : ज्याच्यासाठी खेळ थांबला त्या खेळाडूला एका डाऊनऐवजी अनेक डाऊन, किंवा प्रतिस्पर्ध्याचा चेंडूवरील ताबा संपेपर्यंत, बाहेर बसवणे. यामुळे सोंग महाग पडेल. परंतु खरोखर जखमी झालेला महत्त्वाचा खेळाडू बाहेर बसावे लागेल या भीतीने दुखणे लपवील, असा आक्षेप घेतला जातो.

• टाइमआउट खर्ची टाकणे : शेवटच्या दोन मिनिटांचा नियम संपूर्ण सामन्याला लागू करणे. यात खऱ्या दुखापतीचीही संघाला किंमत मोजावी लागते.

• सामन्यानंतरची छाननी : चित्रफिती व वैद्यकीय नोंदी तपासून दंड करणे. एनएफएलची सध्याची पद्धत हीच आहे. तीत सामन्याचा निकाल बदलत नाही आणि २०२२च्या प्रकरणाप्रमाणे निष्कर्ष मागे घेण्याची वेळ येऊ शकते.

• प्रशिक्षकांवर जबाबदारी : युक्ती बहुधा प्रशिक्षकांच्या संमतीने घडते, या गृहीतकावर शिक्षेचा भार त्यांच्यावर टाकणे.

कोणताही उपाय कडक केला की त्याचा काही भार प्रामाणिक जखमी खेळाडूवर पडतो. सोंगाला आळा घालणे आणि खऱ्या जखमीला निर्भयपणे मदत मागता येणे, या दोन उद्दिष्टांचा मेळ घालणे हेच नियमकर्त्यांपुढील मुख्य आव्हान आहे.

इतर खेळांतील समान प्रकार

सॉकरमध्ये आघाडीवरील संघाच्या खेळाडूने वेळ काढण्यासाठी पडून राहणे ही परिचित तक्रार आहे. मात्र तेथे घड्याळ चालूच राहते आणि वाया गेलेला वेळ पंच अखेरीस वाढवून देतात. म्हणजे सॉकरमध्ये सोंग वेळ दवडण्यासाठी, तर अमेरिकन फुटबॉलमध्ये बहुधा वेळ किंवा वेग थांबवण्यासाठी केले जाते.

रग्बीमध्ये १२ एप्रिल २००९ रोजी हार्लेक्विन्स आणि लीन्स्टर यांच्या सामन्यात हार्लेक्विन्सच्या एका खेळाडूने बनावट रक्ताची कुपी तोंडात फोडून जखम झाल्याचे भासवले. खेळाडू बदलण्याची जादा संधी मिळवणे हा त्यामागील हेतू होता. 'ब्लडगेट' या नावाने गाजलेल्या या प्रकरणात प्रशिक्षक डीन रिचर्ड्स यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

क्रिकेटमध्ये जून २०२४ मधील टी-ट्वेंटी विश्वचषकात अफगाणिस्तान व बांगलादेश यांच्यातील सामन्यात पावसाची चिन्हे असताना अफगाणिस्तानचे प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी खेळ संथ करण्याची खूण केली आणि पाठोपाठ स्लिपमध्ये उभा असलेला गुलबदिन नायब मांडी धरून कोसळला. नंतर त्याने गोलंदाजीही केली. अफगाणिस्तानने तो सामना जिंकून उपांत्य फेरी गाठली. नायबचे पडणे हे सोंग होते की काय, यावर क्रिकेटविश्वात बरीच चर्चा झाली.

हेही पाहा

• अमेरिकन फुटबॉल
• नॅशनल फुटबॉल लीग
• सुपर बोल
• खिलाडूवृत्ती